तुझा रिपोर्ट पाठव

नागपूर, १९ फेब्रुवारी १९७८

दादा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहिलं तर तू पहिल्या ओळीवरच पत्र मिटशील, म्हणून नुसतं दादा. पाच वर्षांनी लिहिते आहे. भिलाईचा पत्ता तुझ्या कारखान्यातल्या कवडूनं दिला. दिवाळीत तो सावनेरला आला होता. त्याच्यावर रागावू नकोस.

आपला मनोहर गेला. काकांचा मनोहर. परवा दुपारी, इथं मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. छत्तीस पूर्ण झाली नव्हती.

डिसेंबरात तो मला शोधत आमच्या पॅथॉलॉजी विभागात आला तेव्हा त्याचे गाल बसले होते. म्हणाला, "मूळव्याध आहे वं जयवंता, दुसरं काही नाही. एखादी गोळी सांग तुह्या डॉक्टरले." मी त्याला ओपीडीच्या लाईनीत उभं केलं. आठ दिवसांत ऑपरेशन झालं. पोट उघडल्यावर कळलं की आतड्याचा कॅन्सर आहे आणि तो यकृतापर्यंत गेला आहे. जेवढं काढता आलं तेवढं काढलं आणि टाके घातले.

मी काय काम करते ते तुला ठाऊक आहे. तूच मला शिकवून इथवर आणलंस. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन रंगवायचे. मग डॉक्टर ती काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आमच्याकडे तुकड्याला नंबर असतो. त्या दिवशी मी नेहमीसारखे काप काढले, रंगवले, वाळवले आणि मगच रजिस्टरात नाव वाचलं.

त्याचं आतडं आतून तुरीच्या दाण्याएवढ्या कोंबांनी भरलं होतं. बोट टेकवायला जागा नव्हती. डॉक्टर देवपुजारी मोजायला बसले आणि साडेतीनशेच्या पुढे त्यांनी सोडून दिलं. मला विचारलं, "हा तुमचा कोण?" मी सांगितलं, चुलतभाऊ. "घरात आणखी कोणाला?" मी म्हटलं, वडील एकेचाळिसाव्या वर्षी गेले, काका एकोणचाळिसाव्या. दोघांचंही पोटच. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तुम्ही भावंडं किती?" "दोन." "दोघांनाही तपासलं पाहिजे. लवकर."

मी तपासून घेतलं आहे. माझ्यात काही नाही. आता तू ये. खालून नळी घालून आतडं पाहतात, अर्ध्या तासाचं काम आहे.

गणपतरावांबद्दल तुझा जो समज आहे त्यावर मी तेव्हा सांगितलं तेच आज सांगते. मी त्यांना काही बोलले नव्हते. ते राहू दे. तू ये.

जयवंता

&nbsp;

नागपूर, ११ मार्च १९७८

दादा,

उत्तर नाही. येईल अशी आशाही फारशी नव्हती, पण पोस्टमनची वेळ झाली की मी विभागाच्या दारात उभी असते.

माय माझ्याजवळ हनुमाननगरच्या खोलीत राहते. मनोहरचं कळल्यापासून ती एकच गोष्ट विचारते. तुला आठवतं, बाबा गेले तेव्हा तिनं घरातलं तिखट बंद केलं होतं. बाबांचं आतडं ठेच्यानं जळलं असं कोणीतरी तिच्या डोक्यात घातलं होतं. काका गेल्यावर त्यांच्याही घरी बंद करायला लावलं. अख्ख्या गावात आपली दोन घरं फिकं खाणारी. आता म्हणते, "मनोहर तर वीस वर्सं फिकं खाये. मंग काहून गेला?"

मलाही नीट सांगता येत नाही. डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं. ते सांगत असतात तेव्हा कळतं, खोलीवर येईपर्यंत गोंधळ होतो. त्यांच्या शब्दांत लिहिते.

"प्रत्येक पेशीत, वाढ कुठं थांबवायची याची एक सूचना असते असं समजा. तिच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं. तुमच्या घराण्यात काहींना एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली मिळते, अंगातल्या सगळ्या पेशींत. तरी माणूस धडधाकट असतो. मग कधीतरी आतड्यातल्या एखाद्या पेशीतली दुसरी प्रतही बिघडते. तिला थांब म्हणणारं कोणी राहत नाही. ती वाढते, एकीच्या शंभर होतात, कोंब येतो. कोंब म्हणजे कॅन्सर नाही. पण असे शेकडो कोंब असले की वर्षांमागून वर्षं त्यातल्या एखाद्यात आणखी बिघाड साठत जातात, आणि एक दिवस तो भिंत फोडून आत शिरतो."

मी विचारलं, हे सिद्ध झालं आहे का. ते म्हणाले, "नाही. डोळ्याच्या एका कॅन्सरवरून अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं सात वर्षांपूर्वी असा अंदाज मांडला. आतड्यातही तसंच होत असावं, असं मला वाटतं. एवढंच."

मग त्यांनी मनोहरची काच मला पाहायला दिली. मी रोज अशा काचा करते, पण पाहणं माझं काम नाही. एका टोकाला चांगलं आतडं होतं, नीट गोल गोल, ओळीनं. काच थोडी सरकवली तर गर्दी दिसली, पेशी एकमेकींवर चढलेल्या. आणखी सरकवली तर गोलही नाही आणि ओळही नाही, पेशी खाली स्नायूत घुसलेल्या. सगळं अर्ध्या बोटाच्या अंतरात. मी विचारलं, "यातली पहिली बिघडलेली कोणती?" ते म्हणाले, "ती आता सापडत नाही."

दादा, बाबांकडून आपल्याला बिघडलेली प्रत आली असेल किंवा चांगली आली असेल. निम्मी शक्यता. दुसरी मायकडून आलेली. म्हणजे इतकी वर्षं आपण मायच्या प्रतीच्या भरवशावर जगत आलो की काय? हे तिला सांगावं असं वाटलं. सुरुवात केली तर ती म्हणाली, "म्हणजे तुह्या बापानं देलं म्हणून राहिली का तू?" दुसऱ्या दिवशी तिनं पाट्यावर मिरच्या वाटल्या आणि ठेचा माझ्या ताटात वाढला. स्वतः जेवली नाही.

तू ये. बाकी काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

जयवंता

&nbsp;

नागपूर, २ एप्रिल १९७८

वच्छलावहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. आपण एकमेकींना पाहिलेलं नाही आणि पहिलंच पत्र असं लिहावं लागतं आहे.

दादा माझी पत्रं न उघडता पेटीत टाकतो आणि तुम्ही ती वाचता, हे कळल्यावर आधी लाज वाटली, मग बरं वाटलं. त्याला सहा महिन्यांपासून शौचातून रक्त जातं हे तुम्ही लिहिलंत. मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. तुमची मुलगी तीन वर्षांची आहे हेही मला आत्ताच कळलं.

तुम्ही विचारलंत, गणपतराव कोण. खरं लिहायचं तर ते तुम्हाला आणि त्याला एकदमच लिहिलं पाहिजे. हे पत्र त्याला वाचून दाखवा. ऐकणार नाही म्हणाला तरी दाखवा.

गणपतराव काटोलला शाळामास्तर होते. १९७३ च्या सुरुवातीला त्यांच्या मुलीशी दादाचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, पत्रिका छापायला टाकायच्या होत्या. एक दिवस ते मला भेटायला आमच्या विभागात आले. बाकावर बसले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या घरचे दोन पुरुष पोटाच्या आजारानं गेले असं ऐकतो. तुम्ही इथंच काम करता. माझी एकच मुलगी आहे. खरं काय ते सांगा."

मला तेव्हा या आजाराचं नावही माहीत नव्हतं. पण एका पुस्तकात वाचलं होतं की काही घराण्यांत हा बापाकडून लेकराकडे येतो. मी सांगितलं, "येऊ शकतो. दादालाही असेल." ते उठले, हात जोडले आणि गेले. चार दिवसांनी नारळ परत आला.

दादाला मी त्याआधी कधीच हे सांगितलं नव्हतं. त्याच्यात काय असू शकतं ते त्याला परक्या माणसाच्या तोंडून, लग्न मोडताना कळलं. त्यानं मला विचारलं, "तू सांगितलं का?" मी नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही आणि महिन्याभरात तो भिलाईला निघून गेला.

का सांगितलं, हे मी स्वतःला पाच वर्षं विचारते आहे. त्या मुलीसाठी, असं एक उत्तर आहे. ते खोटं नाही. पण बाबा गेल्यावर चौदाव्या वर्षी दादानं शाळा सोडली, गाई राखल्या, मग आयटीआय केलं आणि मला बी.एस्सी. होऊ दिलं. तो लग्न करून वेगळा झाला असता तर मी आणि माय दोघीच उरलो असतो. हे त्या बाकावर माझ्या मनात नव्हतं असं मला शपथेवर सांगता येत नाही. कोणतं खरं होतं ते मला अजून वेगळं काढता येत नाही.

त्याला पाठवा. माझ्यावर रागावलेला असला तरी चालेल.

तुमची नणंद,
जयवंता

&nbsp;

नागपूर, २३ एप्रिल १९७८

दादा,

तुझं आंतर्देशीय पत्र आलं. पाच वर्षांतली पहिली ओळ: "तुझा रिपोर्ट पाठव. चंद्रभान."

रिपोर्ट नाही.

मी तपासून घेतलेलं नाही. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. तू भिऊ नयेस म्हणून, असं मला लिहिताना वाटलं होतं. खरं म्हणजे मीच दोनदा त्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. एकदा तर माझं नाव पुकारलं आणि मी शेजारच्या बाईला म्हटलं, कोणीतरी दुसरी जयवंता असेल.

दुसऱ्यांचे तुकडे मी सहा वर्षं कापते आहे. काप कधी वाकडा गेला नाही. पण माझं नाव एखाद्या नंबराशेजारी रजिस्टरात लिहिलं जाईल हे मला सहन होईना. तुझ्याबद्दल एका परक्या माणसाला अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं आणि स्वतःबद्दल स्वतःला कळू द्यायला तयार नाही, अशी मी आहे.

मंगळवारी जाते. रिपोर्ट येईल तसा पाठवीन.

जयवंता

&nbsp;

नागपूर, ९ मे १९७८

दादा,

सोबत रिपोर्टची नक्कल आहे. इंग्रजीत आहे, म्हणून सांगते.

माझ्यात आहे. मनोहरसारखंच, पण कोंब लहान आहेत. दोन-तीन तुकडे काढून आमच्याकडेच आले. डॉक्टरांनी ते मला करू दिले नाहीत, दुसऱ्या तंत्रज्ञाला दिले. मी बाजूच्या टेबलावर बसून कोणाचं तरी टॉन्सिल कापत होते. संध्याकाळी ते स्वतः माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अजून कुठं भिंत ओलांडलेली दिसत नाही. तुम्ही वेळेवर आलात."

वेळेवर म्हणजे काय ते मला कळत नाही. माझं काही दुखत नाही. भूक लागते. मी रोज चालत कामावर जाते, जिना चढताना दम लागत नाही. मग मी आजारी आहे की नाही? डॉक्टर म्हणतात, आज नाही. पण ठेवलं तर दहा वर्षांत नक्की. सगळं मोठं आतडं काढायचं, लहान आतडं खालच्या टोकाला जोडायचं आणि उरलेला भाग जन्मभर दर सहा महिन्यांनी तपासायचा. चांगल्या माणसाचं पोट चिरायचं, कारण त्याच्या पेशींचा भरवसा नाही.

आणखी एक गोष्ट रात्रंदिवस डोक्यात फिरते. गणपतरावांना मी सांगितलं, दादाला असेल. तुझं मला माहीत नव्हतं. आजही नाही. जे नक्की होतं ते माझ्यात होतं, त्याच वेळी, त्या बाकावर बसलेली असताना.

ऑपरेशन १२ जूनला आहे. कागदावर घरच्या माणसाची सही लागते. मायचा अंगठा चालेल म्हणाले, पण मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. तू ये म्हणत नाही. तारीख कळवते आहे.

जयवंता

&nbsp;

नागपूर, ३० जुलै १९७८

दादा,

तुम्ही तिघं सुखरूप पोचल्याचं वहिनींचं कार्ड मिळालं. मी आता भिंतीला न धरता चालते. दिवसातून सहा-सात वेळा शौचाला जावं लागतं, डॉक्टर म्हणतात कमी होईल. परवापासून अर्धा दिवस कामावर जाते. काढलेल्या आतड्याचा रिपोर्ट पूर्ण आला. सगळे कोंब तपासले, एकातही कॅन्सर नाही.

समोरासमोर बोलता आलं नाही ते लिहिते.

तू सही करायला आलास तेव्हा मला वाटलं होतं, सही करून निघून जाशील. अकरा दिवस स्टुलावर बसून राहिलास. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा तू मायला सांगत होतास, "तिले फोड झाले होते पोटात, काढून टाकले. बाबाचं काही नाही त्याच्यात." माय म्हणाली, "खोटं नको बोलू गा. मले समजते. मी इतके वर्सं मिरचीले दोष देत बसली आणि पोरीच्या पोटात होतं." मी डोळे पुन्हा मिटून घेतले.

मग तुझी तपासणी. तू आत गेलास तेव्हा वहिनी माझ्या खाटेशी येऊन बसल्या. त्यांच्या मांडीवर छकुली झोपली होती. नंतर तू आलास आणि म्हणालास, "मूळव्याध आहे म्हणते." मनोहरही तेच म्हणाला होता, म्हणून माझा विश्वास बसेना. एक्स-रेही झाला, तेव्हा डॉक्टर देवपुजारी स्वतः वॉर्डात आले. म्हणाले, पस्तिशीत एकही कोंब नाही, म्हणजे यांच्याकडे वडिलांची चांगली प्रत आली असं धरायला हरकत नाही. आणि यांच्यात नाही तर मुलीत कुठून येणार? वहिनी तेव्हा रडल्या. तू बाहेर जाऊन फाटकासमोरच्या गाडीवर आलूबोंडे खाऊन आलास. तुझ्या मिशीला चटणी लागली होती.

मला आनंद झाला. मग थोड्या वेळानं दुसरं काहीतरी वाटलं, त्याला नाव देता येत नाही. तुझ्यात सापडलं असतं तर मी तेव्हा बोलले ते निदान खरं ठरलं असतं. असा विचार माझ्या मनात आला, दादा. एक क्षणभर आला. लपवून ठेवत नाही.

तुझ्याही मनात गणपतरावच असावेत. निघायच्या आदल्या दिवशी तू म्हणालास, "म्हणजे गणपतरावले तू सांगितलं ते खोटं होतं."

मी म्हटलं, "खोटं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं."

"खरं आहे हे बी माहीत नव्हतं."

मग म्हणालास, "वच्छला भेटली, पोरगी झाली, माह्यं काही वाईट झालं नाही. पण हे मी तुले मोकळं करासाठी नाही म्हणून राहिलो. तू पहिले मले सांगाले पाहिजे होतं. लग्न मोडलं त्याचा राग गेला. याचा नाही गेला." एवढं बोलून तू माझ्या पायांवरची चादर नीट केलीस आणि डबा धुवायला गेलास.

तू रागावलेला आहेस आणि तू चादर नीट केलीस. या दोन गोष्टी एकत्र कशा धरायच्या हे मला अजून जमत नाही. पण त्यातली एक सोडून द्यावी असंही वाटत नाही.

छकुलीला पापा.

जयवंता

&nbsp;

नागपूर, २६ नोव्हेंबर १९७८

दादा,

पहिली सहामाही तपासणी झाली. दोन बारीक कोंब दिसले, तिथल्या तिथं जाळून टाकले. असंच चालायचं म्हणतात.

तू गेल्या पत्रात विचारलंस, मनोहरच्या लेकरांचं काय. एकच मुलगी आहे, लतिका. बारा संपून तेरावं लागलं. तुझ्यासारखं आणि माझ्यासारखं तिचंही निम्मंनिम्मंच. डॉक्टर म्हणाले, चौदाव्या-पंधराव्या वर्षी पहिल्यांदा पाहावं. मी ठरवलं होतं, या वेळी तिच्या आईला आधी सांगायचं, घरात बसून, नीट. मागच्या रविवारी सावनेरची एस.टी. धरून गावी गेले.

मनोहरच्या बायकोनं, रुखमावहिनीनं, चहा दिला. मी सगळं सांगितलं. माझ्या पोटावरची टाक्यांची रेघही दाखवली. तिनं शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाली, "जयवंताबाई, तुमचं झालं, तुम्ही शिकलेल्या, नोकरीवाल्या. माह्यी एकच पोरगी हाय. चार वर्सांनी तिच्या लग्नाचं पाहा लागन. हे गावात कोणाच्या कानावर गेलं तं तिले कोण करते? तुमच्या भावाचं काय झालं ते मले माहीत नाही का?" मी म्हटलं, "मी कोणाला सांगणार नाही. पण तिला तपासा." ती म्हणाली, "तिले काही झालं नाही. चांगली धावते, खाते. तुम्ही आता हा विषय काढू नका." तिनं कप उचलले. मी निघाले.

फाट्यापर्यंत मला पोचवायला लतिका आली. आईनंच पाठवली. अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, "आत्या, ऑपरेशनाच्या पहिले तुमचं पोट दुखे का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग समजलं कसं?"

ती दाराआड उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. खोटं बोलायला मला जागाच उरली नाही. मी सांगितलं कसं समजलं ते. मी दोनदा परत फिरले होते हेही सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मले बी तसंच पाहा लागन का?"

"एक-दोन वर्षांनी. निघेल किंवा निघणार नाही. चंद्रभानकाकात नाही निघालं."

"आणि निघालं तर?"

"तर मी आहे. जिथं जायचं तिथं मी तुझ्याबरोबर येईन."

लांबून एस.टी. दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "मी येईन. पण माह्या मायले नका सांगू मी विचारलं म्हणून. ते लई रडते."

मी हो म्हटलं. एस.टी. थांबली आणि मी चढले.

सावनेर येईपर्यंत मी हिशेब लावत होते. एका आईपासून मी तिच्या मुलीचं लपवून ठेवलं आहे. पण जिचं आहे तिला या वेळी सगळ्यांच्या आधी कळलं आहे. तेरा वर्षांच्या पोरीला असं सांगायचं असतं की नसतं, आणि ती पंधराची झाली की तिच्या आईसमोर मी कोणत्या तोंडानं उभी राहू, हे मला समजत नाही. पाच वर्षांपूर्वी मी एकटीनं ठरवलं आणि चुकलं. म्हणून या वेळी बोलून आल्यावर का होईना, तुला विचारते आहे. मी बरोबर केलं का?

उत्तर एका ओळीत दिलंस तरी चालेल.

जयवंता